नकाशा माझ्याकडे फिरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

लष्करी हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, अग्निशमन यंत्रणेचं आमचं डिझाइन काल मंजूर झालं. विश्रामबागच्या ऑफिसात कंदी पेढे वाटले, पण ज्यांच्या हातावर पहिला ठेवायचा ते तुम्ही साताऱ्यात. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

या कामात तुमच्याआधी भेटलेल्या सल्लागारांचा राग अजून गेलेला नाही. एकाने ‘एनएफपीए ४०९ वाचा’ (हँगरच्या अग्निसुरक्षेचं अमेरिकी मानक) म्हणून फोन ठेवला. ते वाचूनच तर प्रश्न पडले होते! दुसऱ्याने फी घेऊन पाण्याची टाकी मोठी करायला सांगितली आणि विषय संपवला. बैठकीत प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं माझ्या शेजारच्या ज्युनिअर मुलाला मिळायची.

तुम्ही आलात, टेबलावरचा नकाशा उचलून माझ्या बाजूला फिरवलात आणि म्हणालात, ‘ताई, तुम्ही सांगा.’

काका, त्या दोन शब्दांनी मला काय दिलं ते लिहिताना आजही गळा दाटतो. मग मी सांगत गेले. सांडलेलं इंधन विमानाखाली जळतं, छतावरच्या स्प्रिंकलरचं पाणी पंखांवर अडतं. म्हणून दोनशे ते हजार पट फुगणारा फोम, जो जमिनीवरून चढत पंखाखाली शिरतो. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. शेवटी एवढंच विचारलंत, ‘आणि रात्रपाळीचा मेकॅनिक आत असेल तर?’

फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर जानेवारी २०१४ मध्ये आग नसताना फोम सुटला आणि एक माणूस गेला, हे मला माहीत होतं. पण त्या फेसात समोरचं दिसत नाही, हाक ऐकू येत नाही, दाराची दिशा कळत नाही, हे तुम्ही ज्या तळमळीने सांगितलंत त्यानंतर मी दरवाजे नव्याने आखायला बसले. वायुदलात उभी हयात काढलेला वॉरंट ऑफिसर विमानाच्या किमतीआधी आतल्या माणसाचं विचारतो. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना काम नीट करावंसं वाटतं.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत, त्यावर आपण भेटल्यावर भांडू.

तुमच्या सांगण्यावरून वाढवलेला उत्तरेचा दरवाजा खर्चासाठी काढा, असा आग्रह शेवटपर्यंत झाला. मी काढला नाही. मंजूर नकाशात तो आहे.

तुमची,
सांगलीची ताई