गोदामात माणूस आहे का, एवढं तरी खरं सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या नागपुरात कळमना, वाडी, हिंगणा साइडच्या गोदामांच्या आगीच्या बातम्या सुरू होतात, आणि पंचनामा व्हायच्या आधीच लोक शॉर्ट सर्किट म्हणून मोकळे होतात. काही आगी लावलेल्या असतात हो, कुणी इन्शुरन्ससाठी, कुणी खुन्नस म्हणून. लावणारा पळून जातो अन् आत जातो तो फायर ब्रिगेडचा जवान, त्याला कुठं माहीत पेट्रोल किती जागी ओतलंय.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. 3 डिसेंबर 1999 ला अमेरिकेत वूस्टर गावी एक जुनं बंद कोल्ड स्टोरेज पेटलं. तिथं आसऱ्याला राहणाऱ्या एका बेघर जोडप्याकडून मेणबत्ती पडली, म्हणजे ती काही मुद्दाम लावलेली आग नव्हती, पण दोघं कोणालाच न सांगता निघून गेले. आत माणसं असतील म्हणून जवान शोधायला शिरले. सहा मजली बिल्डिंग, खिडक्या जवळपास नाहीच, भिंतींना आतून कॉर्कचं इन्सुलेशन, धुरात रस्ता सापडेना आणि सिलेंडरमधली हवा संपत आली, मग त्यांना शोधायला अजून जवान गेले. शेवटी तिथल्या फायर ब्रिगेडच्या साहेबानं, मॅकनॅमी त्यांचं नाव, दारातच उभं राहून बाकीच्यांना अडवलं. सहा जवान गेले, आणि ज्यांना शोधत होते ते आत नव्हतेच!

आपल्याकडे तर हमाल, ड्रायव्हर, चौकीदार सर्रास गोदामातच झोपतात. आग लागली की मालक म्हणतो आत कोणीच नाही, कारण कबूल केलं तर स्वतःच फसतो ना, आणि बाहेरची गर्दी ओरडते चार जण अडकलेत. जवानानं कोणाचं ऐकायचं? (गर्दी मोबाइल काढून गाडीचाच रस्ता अडवते ते तर सोडूनच द्या.)

नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आपल्या नागपुरात, देशभरातले ऑफिसर इथं शिकून जातात. अन् आपल्याच गोदामाच्या गेटवर रात्री आत कोण झोपतं याची साधी यादी नसते. 2006 च्या महाराष्ट्र फायर कायद्यात मालकाला दर जानेवारी आणि जुलैत आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यासोबतच ही यादीही मागा आणि एक कॉपी चौकीदाराजवळ ठेवा. आणि आग लागल्यावर मालकानं खोटं सांगितलं तर त्याच्यावर वेगळा गुन्हा लावा.

एक वाचक, वर्धमान नगर, नागपूर