घाबरलेल्या मुलाला ‘विसरून जा’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न.

घर पडले, आग लागली, लोकलच्या दारातून कोणी पडताना पाहिले, की मूल काही दिवस दचकून उठतेच. पण महिना उलटूनही भयस्वप्ने, अंथरूण ओले होणे, तोच अपघात खेळण्यांतून पुन्हापुन्हा खेळणे चालूच राहिले, तर तो आघातोत्तर ताण असू शकतो. ‘विषयच काढू नका, विसरेल,’ असे घरचे म्हणतात. मायेपोटीच म्हणतात, पण टाळण्यानेच भीती मुरते.

अमेरिकेतील ॲलिसन सलूम आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी आईवडिलांनीच करायचा पहिला टप्पा आखला आहे. समुपदेशकाकडे ३ भेटी, दर आठवड्याला फोन आणि कार्यपुस्तिका घेऊन घरी ११ बैठका. एवढ्याने गुण आला नाही, तर तज्ज्ञांकडचे नेहमीचे उपचार.

आधी श्वास शिकवायचा: उताणे झोपवून पोटावर बाहुली ठेवा, ती सावकाश वरखाली झाली पाहिजे. मग घडलेले चित्रातून, बोलण्यातून काढायचे. मात्र निजायच्या वेळी नको. त्यानंतर भीतीची शिडी. लोकलला घाबरणाऱ्या मुलासाठी ती अशी: गाडीचे चित्र, पुलावरून गाड्या बघणे, दुपारी गर्दी नसताना दादरच्या फलाटावर बाकावर बसणे, शेवटी धीम्या गाडीने माटुंग्यापर्यंत एकच स्टेशन. प्रत्येक पायरीवर मुलानेच भीतीला ० ते १० गुण द्यायचे. आठाचे चार होईपर्यंत तिथेच बसायचे. चुकते ते इथेच. मूल रडले की आठावर असतानाच त्याला उचलून घरी आणतात, आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ हे त्याच्या मनात पक्के बसते. रडे आवरतच नसेल तर पायरी उंच झाली. खालची घ्या, रागावू नका.

घरात मारहाण चालू असेल, मूल जीव देण्याचे बोलत असेल किंवा आईवडीलच त्या धक्क्यातून सावरले नसतील, तर हा मार्ग नाही. थेट तज्ज्ञ गाठावा. १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. आणि धोकादायक चाळीत राहणाऱ्या मुलाची भीती खरीच असते. तिथे शिडी नव्हे, घर बदलून द्यावे लागते.

नेहमीचे उपचार म्हणजे साधारण १२ ते १६ भेटी. विरार-बदलापूरहून येणाऱ्या आईचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो. पालिका रुग्णालयांनी मराठी कार्यपुस्तिका आणि आठवड्याच्या फोनसाठी एक प्रशिक्षित माणूस, एवढी सोय तरी करावी.

– एक बालसमुपदेशक, परळ, मुंबई