जठराच्या कर्करोगाचा पहिलाच रिपोर्ट पूर्ण असू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा पॅथॉलॉजिस्ट आहे. जठराच्या बायोप्सीत कर्करोग सापडला की माझ्या रिपोर्टवर बहुतेक वेळा एकच शब्द जातो: ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून उगवलेला कर्करोग. गाठ कोणत्या जातीची, रुग्णाच्या हातात साधारण किती काळ आहे, कोणते औषध लागू पडेल, हे सांगणाऱ्या मार्करच्या (गाठीतल्या खुणेच्या प्रथिनांच्या) तपासण्या पुढे मोठ्या शहरात गेल्यावर, पैसे उरले तर होतात. त्यांतल्या निदान दोन तपासण्या पहिल्याच रिपोर्टबरोबर व्हाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली हर-टूची, म्हणजे पेशींवरच्या, त्यांची वाढ चेतवणाऱ्या एका प्रथिनाची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' या औषध-चाचणीसाठी तपासलेल्या गाठींपैकी सुमारे २२ टक्के हर-टू पॉझिटिव्ह निघाल्या. पसरलेल्या कर्करोगाच्या या रुग्णांचे आयुर्मान नुसत्या केमोवर ११.१ महिने होते, हर-टूवर मारा करणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध जोडल्यावर १३.८ झाले, ज्यांच्या पेशींवर हे प्रथिन भरपूर होते त्यांच्यात १६. घरातला कमावता माणूस पन्नाशीत अंथरुणाला खिळतो तेव्हा हे महिने थोडे नसतात. हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि भारतीय कंपन्या ते बनवतात. तपासणीच झाली नाही, तर ते कुणाला द्यायचे हेच कळत नाही.

दुसरी तपासणी एमएमआर प्रथिनांची. माझ्या मते ती अधिक मोलाची, तरी तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. ही चार प्रथिने पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करतात. ही दुरुस्ती बंद पडलेल्या गाठी थोड्याच असतात, पण शस्त्रक्रियेनंतर अशा गाठींचे रुग्ण अधिक जगतात. चार उपचार-चाचण्यांतल्या १,५५६ रुग्णांची माहिती २०१९ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा पाच वर्षांनी यांच्यातले ७७.५ टक्के हयात होते, इतरांतले ५९.३ टक्के. नेहमीच्या केमोचा त्यांना फायदा दिसला नाही. शिवाय यातल्या काहींच्या मुळाशी लिंच सिंड्रोम हा कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असतो, म्हणजे भावंडांना आणि मुलांनाही वेळीच सावध करता येते.

यासाठी प्रत्येक जिल्ह्यात महागडी यंत्रे नकोत. विभागातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आयएचसीची, म्हणजे रंग देऊन ही प्रथिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीची, पक्की सोय करा. मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, टपालानेही जातो. मात्र मूळ नमुना नीट हवा. जठरात हर-टू ठिपक्याठिपक्याने असते, म्हणून एंडोस्कोपीत सहा ते आठ तुकडे घ्यायला हवेत. माझ्याकडे दोनच तुकडे येतात, कधी तर सलाईनमध्ये बुडवून. तो नमुना तिथेच वाया गेलेला असतो. नमुना टिकवणाऱ्या दहा टक्के फॉर्मलिनची बाटली आणि एका पानाची लेखी सूचना, इतक्या स्वस्तात हे सुधारेल.

राहिला खर्च. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाची नोंद होईपर्यंत बायोप्सी बऱ्याचदा होऊन गेलेली असते आणि तिचे पैसे घरच्यांनी भरलेले असतात. कर्करोग आढळलेल्या ब्लॉकवरच्या या दोन तपासण्या, रुग्ण कुठेही दाखल नसला तरी, सरकारी खर्चाने होतील असा शासन निर्णय आपण काढावा. कार्यपद्धतीचा मसुदा बनवायला माझ्यासारखे अनेक जण आनंदाने वेळ देतील.

आपला विश्वासू,
जिल्ह्यातला एक पॅथॉलॉजिस्ट