गंजावर काळा थर मारून गाडी वाचत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की कोकणात जागोजागी ‘पावसाळ्यापूर्वी अंडरबॉडी कोटिंग, एका तासात’ अशा पाट्या दिसू लागतात. कोटिंगबद्दल आमची तक्रार नाही. नव्या किंवा गंज न धरलेल्या गाडीचा तळ ते खडी-चिखलापासून चांगला जपते. तक्रार आहे ती त्या ‘एका तासा’बद्दल. पत्र्याला आधीच गंज असेल, तर धुऊन-पुसून घाईने मारलेला थर गंज थांबवत नाही, फक्त झाकतो. पत्रा आतून सडत राहतो आणि मालकाला ते जॅक लावताना सिल (दारांखालची लांब पोकळ पट्टी) आत दबली की मगच समजते.

लोखंड गंजले की त्याचे आकारमान दुपटीहून जास्त होते, म्हणून वरचा रंग फुगतो आणि पोपडे सुटतात. किनाऱ्यावर भर पडते मिठाची. मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि रंगाखाली राहिले तर रंगाच्या थरातूनही पाणी ओढून फोड आणते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर गाडी चढवताना-उतरवताना धक्क्याच्या उतारावरचे खारे पाणी चाके थेट तळावर उडवतात. पुळणीवर गाडी पळवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

त्यामुळे पहिले काम गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे. मडगार्डच्या आतल्या कडा, सिलच्या आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोके मोकळी होईपर्यंत धुवावे. या भोकांतून चिखल येत राहिला, तर आत आणखी साठलेला आहे असे समजावे. २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष पाहायला हवे, कारण पोकळ भागात बसलेला गाळ वरून दिसत नाही. धुतल्यावर गाडी निदान एक रात्र सुकू द्यावी.

घासण्याआधी ग्रीस काढायचे, नंतर नव्हे. आधी घासले तर तेलकटपणा ओरखड्यांत जाऊन बसतो. एका फडक्याने डीग्रीझर लावायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचा. रॉकेलने पुसू नये. त्याचा चिकट थर मागे राहतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशने. तो गंज काढण्याऐवजी पुष्कळदा त्याला चकाकी आणतो. चकचकीत पण काळपट-तपकिरी दिसणारी जागा म्हणजे गंज तिथेच आहे. सुटलेले पापुद्रे पटाशीने काढावेत, मग ८० नंबरची फ्लॅप डिस्क (ग्राइंडरवर लावायची पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) चालवून पत्र्याचा पांढरट रंग दिसू द्यावा. शंका येईल तिथे टोचा दाबून पाहावा. आत गेला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. भोकावर पुट्टी भरणारा कारागीर बदलावा. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. ती भरायचीच असेल तर आधी इपॉक्सी प्राइमर आणि त्यावर पुट्टी, असा क्रम हवा. सुटे करता येणारे जाड भाग, म्हणजे सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट वगैरे, सँडब्लास्ट करून घेणे उत्तम. बॉडीच्या पातळ पत्र्यावर मात्र जोरात ब्लास्टिंग केले तर तो वाकतो.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडचे रस्ट रिमूव्हर वापरतात. डब्यावर लिहिलेली मिनिटे ते ओले ठेवावे, ब्रशने घासावे, धुवावे आणि लगेच वाळवावे. ॲसिड तसेच राहिले तर इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरला ते बाधते आणि प्राइमर नीट धरत नाही. जाड पापुद्र्यांवर ॲसिड ओतून काही साधत नाही. झिंक प्राइमरचेही तेच: झिंकचा लोखंडाला थेट स्पर्श झाला तरच ते स्वतः झिजून लोखंड राखते. गंजावर मारलेले झिंक म्हणजे नुसता राखाडी रंग.

आपल्याकडे प्राइमर म्हटले की रेड ऑक्साइड. खिडकीच्या गजांना ते ठीक आहे; गाडीच्या तळाला ते पाण्याचा पुरेसा अडसर होत नाही आणि वर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, रंग मारला तर त्याचा थिनर खालचे रेड ऑक्साइड उचलतो, सुरकुत्या पडतात. इथे टू-पॅक इपॉक्सीच हवा, दोन हात मारून वाळल्यावर साधारण ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रंगाचा घन भाग आकारमानाने ५० टक्के असेल तर १ लिटर मिश्रणात ६० मायक्रॉनचा थर कागदोपत्री ८ चौरस मीटर बसतो. फवाऱ्यात तिसरा हिस्सा उडून जातो, उरतात साडेपाच. छोट्या गाडीचा तळ, मडगार्डच्या आतल्या बाजू आणि घड्या धरून ८ चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे दीड लिटर लागणारच. पाव लिटरच्या डब्यात सगळा तळ केला, असे कोणी सांगितले तर हिशेब तुम्हीच करा.

हवेचा मुद्दा कोकणात सर्वांत दुर्लक्षित. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली ओल ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम हवा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६च्या जवळ असतो, म्हणजे पत्रा २९च्या वर पाहिजे. रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी आठला तेवढा तापलेला नसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते आणि प्राइमर त्या ओलीवर बसतो. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ बरी. घासलेला पत्रा त्याच दिवशी प्राइम झाला पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडावे, नाहीतर ते गनमधून रंगात येते.

काळे कोटिंग प्राइमर पूर्ण वाळल्यावरच. सायलेन्सर, ब्रेक डिस्क, ब्रेकचे होज, ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट, सेन्सर आणि तळाला कोरलेला असल्यास चासी नंबर टेपने झाका. पाणी निघायची भोके बुजवू नका. ही चूक इतकी सर्रास होते की कोटिंग झाल्यावर प्रत्येक भोकात तार घालून पाहावी. सिलच्या आत कोटिंग पोहोचत नाही. तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांसाठीचे मेण) मारावे लागते. जळके ऑइल फासण्याची जुनी रीत मात्र सोडावी: रबरी बुश फुगतात, ऑइल ब्रेकवर ठिबकते आणि पुढे त्या पत्र्यावर कुठलाच रंग धरत नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याने दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल काहीही अडवत नाही. गॅरेजमालकांनी पोरांना बाहेरून हवा पुरवणारा मास्क द्यावा.

या सगळ्याला गंजलेल्या गाडीसाठी तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते महाग पडते. ग्राहकांनी निदान बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गंज कशाने काढला, प्राइमर कोणता आणि किती लिटर, सिलच्या आत वॅक्स मारले की नाही. शिवाय कोटिंगच्या आधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागावेत. ते द्यायला टाळाटाळ झाली तर गाडी तशीच परत न्यावी.

आपले,
पत्राकाम आणि रंगकाम करणारे काही कारागीर, रत्नागिरी