यारीने वजन किती उचलले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रदर्शनाची सचित्र बातमी आपल्या दैनिकात वाचली. छायाचित्रात रोमन काळातली यारी, म्हणजे आजच्या भाषेत क्रेन, आणि तिच्यामागे ती तयार करणारी मुले उभी आहेत. प्रतिकृती ‘हुबेहूब’ आहे असे बातमी सांगते. ती वजन किती उचलते, हे मात्र सांगत नाही. मुलांनी ते नक्की मोजले असेल, निदान मोजायला हवे होते, म्हणून हे लिहितो आहे.

मी बरीच वर्षे कार्यशाळेत सुतारकाम शिकवले. गेल्या वर्षी सहा मुलामुलींबरोबर याच यंत्राची १:१० प्रमाणात प्रतिकृती केली. माणसांनी आत चालून फिरवायचे मोठे चाक, चाकाच्या आसाला गुंडाळला जाणारा दोर, पुढे तिरका उभा केलेला वासा आणि त्याच्या टोकाला कप्प्या, असे हे यंत्र. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात वर दोन आणि खाली एक अशी तीन कप्प्यांची रचना दिली आहे. मोठ्या यंत्रांना रहाटाऐवजी चाक बसवून त्यात माणसे चालवली तर काम लवकर होते, हेही त्याने नोंदवले आहे. रोममधल्या हातेरी घराण्याच्या समाधीवरच्या शिल्पात तर चाक आणि त्यात चढणारी माणसे कोरलेलीच आहेत. मुलांनी त्या शिल्पाचे चित्र समोर ठेवून आरे मोजले.

खरे चाक ४ मीटर व्यासाचे आणि आस ४० सेंटिमीटरचा धरला. ७० किलोचा माणूस चाकाच्या तळापासून ३० अंश वर चढून उभा राहिला, तर मध्यापासून त्याचे आडवे अंतर एक मीटर होते. आसाची त्रिज्या २० सेंटिमीटर, म्हणजे दोराला ३५० किलोची ओढ मिळते. तीन कप्प्यांनी तिची १,०५० किलो होते. एकटा माणूस एक टन दगड उचलतो, हे मुलांनी स्वतः कागदावर काढले तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी विसरणार नाही.

प्रतिकृतीत लांबी दहापट कमी झाली की वजन हजारपट कमी होते. माणसाच्या जागी ७० ग्रॅम वाळूची पुरचुंडी आली आणि दगडाच्या जागी १,०५० ग्रॅम. चाक फिरले की पुरचुंडी खाली येई, मग मुले ती पुढच्या आऱ्यापाशी सरकवत. हिशेब चोख होता, तरी ६०० ग्रॅमलाच चाक अडले. पुढचे दोन आठवडे गेले ते बाकीचे वजन शोधण्यात, आणि माझ्या मते खरे शिक्षण त्या दोन आठवड्यांतच झाले. एका मुलीने एकच कप्पी सुटी टांगली, एका बाजूला १०० ग्रॅम लावले आणि दुसऱ्या बाजूने ताणकाट्याने ओढले. काटा १२० वर गेला. म्हणजे तीन कप्प्या मिळून जवळजवळ तीस टक्के जोर खात होत्या. सुतळी जाड होती, छोट्या कप्पीवर वळायला कुरकुरत होती. खिळ्यांचे आस खरखरीत होते. मुलांनी सुतळी काढून शिवणाचा जाड दोरा घेतला, खिळ्यांऐवजी सायकलच्या आऱ्याचे तुकडे घातले, चाकाच्या आसाला मेण लावले. काटा १०८ वर आला आणि यंत्राने साडेआठशे ग्रॅम उचलले.

एक चुकीचा निष्कर्ष मात्र मला थांबवावा लागला. ‘आपला वासा वाकला नाही, म्हणजे खराही वाकणार नाही,’ असे मुले म्हणू लागली. तसे होत नाही. भार हजारपट कमी झाला तरी लाकडाचा छेद शंभरपटच कमी होतो, त्यामुळे प्रतिकृतीतले लाकूड त्याच्या भाराच्या मानाने दहापट दणकट ठरते. दोऱ्याचेही तसेच. खऱ्या दोराच्या मजबुतीचा हिशेब वेगळा करावा लागतो, तो प्रतिकृती करून देत नाही. एवढे समजले तर पुठ्ठ्याची यारीही पुष्कळ शिकवून जाते.

आमची प्रतिकृती एका प्रदर्शनात ठेवली. परीक्षकांनी रंग का दिला नाही असे विचारले, फलकावरचे अक्षर पाहिले आणि ते पुढे गेले. वजन लावून दाखवा, असे कोणीच म्हणाले नाही. मुलांची मोजमापाची वही टेबलावर बंदच राहिली. मला त्याचे फार वाईट वाटले, बक्षिसासाठी नव्हे, तर ६०० आणि ८५० यांच्या मधली गोष्ट कोणीच ऐकली नाही म्हणून.

या यंत्रांनी उगाच इतकी शतके काम केलेले नाही. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या बंदरात पंधराव्या शतकात बांधलेल्या यारीत माणसेच चाकात चालत. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलच्या अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी यारी १८६८ पर्यंत उभी होती. फ्रान्समधल्या गेदेलोँ येथे १९९७ पासून जुन्या पद्धतीने किल्ला बांधला जात आहे, तिथे आजही दगड अशाच चाकाने वर चढतात.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की पुढच्या प्रदर्शनात अशी प्रतिकृती दिसली तर तिच्यावर वजन लावायला सांगावे, हिशेब किती होता आणि उचलले किती ते विचारावे, आणि दोन्ही आकडे छापावेत. परीक्षकांनीही गुणपत्रिकेत त्यासाठी एक रकाना ठेवावा. रंगासाठी तो आधीच असतो.

आमच्या मुलांचे काम अजून संपलेले नाही. चढवलेला दगड खाली आणताना चाक उलटे धावू लागले तर आतल्या माणसाचे काय होईल, असा प्रश्न त्यांना पडला आहे. त्या काळी अशा चाकांना बहुधा ब्रेक नसे, घर्षणच त्यांना आवरून धरी. आणि आम्ही तर ते घर्षण मेण लावून घालवून बसलो! म्हणून आता आसावर दोराचा वेढा देऊन पाहणे चालू आहे.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक