चढावर क्लच सुटतोय का? लेकीला पत्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर तू सांगितलेलं सगळं मी कागदावर उतरवून काढलं. ट्रेलर भरलेला, चढ लांब, गाडी पाचव्या गिअरमध्ये. तू एक्सलरेटर दाबलास, इंजिनचा आवाज एकदम चढला, पण गाडीने वेग काही घेतला नाही. मग करपल्याचा वास. चढ संपला तसं सगळं पुन्हा सुरळीत, आणि आज सकाळी ट्रेलर सोडून फिरवलीस तर गाडी अगदी नेहमीसारखी. तू विचारलंस, "बाबा, क्लच गेला ना? नवा टाकून घेऊ?"

मी लगेच हो म्हटलं नाही. लक्षणं क्लचकडेच बोट दाखवतात, यात वाद नाही. पण क्लच सुटणं, म्हणजे त्याची पकड निसटून तो घसरणं, ही एक गोष्ट आणि क्लच प्लेट, म्हणजे पकड घेणारी घर्षणाची चकती, झिजून संपणं ही दुसरी. या दोन्हींत फरक न करता गिअरबॉक्स खाली उतरवला की काय होतं ते मी भोगलं आहे. ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या डोक्यातली एक समजूत काढतो. तू म्हणालीस, ट्रेलर जड होता म्हणून क्लच सुटला असेल. चालत्या गाडीत, पेडलवरून पाय पूर्ण निघालेला असताना, क्लचमधून किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) जाणार हे इंजिन ठरवतं. इंजिनचा कमाल टॉर्क ३०० न्यूटन-मीटर असेल, तर मागे काहीही जोडलेलं असो, इंजिन क्लचवर त्याहून जास्त ओढ आणू शकत नाही. आणि क्लच बनवताना त्या कमाल टॉर्कच्या वर चांगली राखीव पकड ठेवलेली असते. म्हणून धडधाकट क्लच भरल्या ट्रेलरसह, पूर्ण एक्सलरेटर दाबूनही, चढावर सुटत नाही. सुटला तर त्याची पकड कमी झाली आहे, ट्रेलरने ती फक्त उघडी पाडली. रिकाम्या गाडीत इंजिनची पूर्ण ताकद तू दोन-चार सेकंदही वापरत नाहीस. ट्रेलर लावला की तेच इंजिन मिनिटभर कमाल टॉर्कवर राबतं. टर्बो असलेल्या गाडीत हे आणखी ठळक दिसतं, कारण टर्बोचा पूर्ण दाब भार आल्यावरच तयार होतो. तेव्हा सकाळी रिकामी गाडी नीट चालली, यावर विसंबू नकोस.

आता तपासायचं कसं. मॅन्युअल गाडीचं एक फार चांगलं आहे की ती खोटं बोलू शकत नाही. एका गिअरमध्ये इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग एकमेकांना बांधलेले असतात, आणि ती गाठ फक्त क्लचमध्येच सुटू शकते. समज, सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला आरपीएमचा काटा २,००० वर असतो. म्हणजे दर १,००० फेऱ्यांमागे ४० किलोमीटर वेग. मग ६० ला काटा १,५०० वरच हवा आणि १०० ला २,५०० वरच. चढ असो, उतार असो, ट्रेलर असो वा नसो, हा हिशोब बदलत नाही. चढावर वेग ८० आणि काटा २,४०० दाखवत असेल, तर ते वरचे ४०० फेरे क्लचमध्ये घासून जात आहेत.

हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले. तुझ्या गाडीचे तू काढ. रस्ता मोकळा असताना, हलक्या पायाने, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये दोन-तीन वेगांना काटा कुठे असतो ते शेजारी बसलेल्या माणसाला लिहून घ्यायला सांग. त्याहून बरं म्हणजे त्याने दोन्ही काटे एकत्र दिसतील असा व्हिडिओ काढावा. तू मात्र रस्त्यावरची नजर हलवू नकोस.

मग ट्रेलर न लावता एखादा मोकळा चढ गाठ. पाचव्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांच्या आसपास असताना एक्सलरेटर हळूहळू पूर्ण दाब. निरोगी गाडीत दोन्ही काटे हातात हात घालून चढतात. क्लच सुटत असेल तर टॉर्क भरात येतो त्या टप्प्यावर आरपीएमचा काटा पुढे पळतो आणि वेगाचा काटा मागे राहतो. दिसलं की लगेच पाय काढ, सिद्ध झालं ते झालं. पुन्हा पुन्हा करून बघण्याचा मोह आवर, प्रत्येक वेळी प्लेट थोडी आणखी जळते. इंजिन आणि क्लच दोन्ही गरम झाल्यावरच ही तपासणी कर. थंड असताना नीट पकडणारा क्लच तापल्यावर सुटतो असं पुष्कळदा होतं, आणि तुझ्या बाबतीतही घटना लांब चढाच्या मध्यावर घडली, सुरुवातीला नाही.

दुसरी एक तपासणी लोक सांगतात. हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावायचे, तिसरा किंवा चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन पटकन बंद पडलं तर क्लच चांगला, फिरत राहिलं तर गेला. क्लच पार संपला असेल तर हे खरं ठरतं. तुझ्यासारख्या अर्धवट प्रकारात माझा त्यावर भरवसा नाही. पूर्ण टॉर्कवरच सुटणारा क्लच या परीक्षेत सहज पास होतो. केलीच तर एकदाच कर, आणि गाडीसमोर कोणी उभं नाही हे बघून.

दोन्ही काटे एकत्र बघण्याचा आग्रह मी यासाठी धरतो की क्लचच्या नावावर दुसऱ्यांची पापं खपून जातात. गाडी चढावर दमते, एक्सलरेटर दाबूनही उठत नाही, पण आरपीएम आणि वेग दोन्ही मिळून खाली येतात, तर क्लच निर्दोष आहे. तिथे टर्बोचा फाटका होज, तुंबलेला फिल्टर किंवा इंधनाची अडचण शोधायची. ओल्या किंवा भुसभुशीत जागी मागची चाकं नुसतीच फिरली तर बहुतेक गाड्यांत दोन्ही काटे मिळून वर जातात, कारण गिअरबॉक्स आणि चाकं खरोखर फिरत असतात. आणि वास. ट्रेलरचा ब्रेक अडकून घासत असला किंवा हँडब्रेक पूर्ण सुटला नसला, तरी येणारा वास क्लचच्या वासाच्या इतका जवळचा असतो की माझंही नाक फसलं आहे. पुढच्या वेळी थांबलीस की गाडीच्या आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळहात नेऊन धग बघ. हात लावू नकोस. एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेलं असेल तर चोर तिथे आहे.

समजा आकड्यांनी दाखवलं की क्लचच सुटतोय. तरी गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पेडलपासून सुरुवात कर. याच जागी मी चुकलो होतो. तू फार लहान होतीस. आपली जुनी गाडी भरलेल्या ट्रेलरसह चढावर सुटायला लागली, आणि मी काही न बघता क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, सगळं नवं टाकलं. काढलेल्या प्लेटवर रिव्हेटच्या वर भरपूर अस्तर शिल्लक होतं. ते माझ्या डोळ्यांना दिसलं आणि तरी मी थांबलो नाही. पुढच्याच फेरीला गाडी पुन्हा सुटली. तुझी आई शेजारी, तू तिच्या मांडीवर, मागे टनभर ओझं, आणि गाडी पुढे सरकेना. त्या संध्याकाळची भीती अजून माझ्या अंगात आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

पेडल दाबलं की क्लचकडे फ्लुइड पाठवतो तो मास्टर सिलिंडर. दोष त्याला ढकलणाऱ्या रॉडमध्ये होता. पेडल वर आल्यावर त्या रॉडला किंचित मोकळीक लागते, म्हणजे पिस्टन पूर्ण मागे येतो आणि फ्लुइडला टाकीत परतायचं छिद्र उघडं होतं. कोणीतरी रॉड जास्त लांब करून ठेवला होता. छिद्र बंदच राहायचं. इंजिनच्या उष्णतेने फ्लुइड फुगलं की दाब आतच कोंडायचा आणि रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, प्रेशर प्लेटला हलकेच दाबून धरायचं. थोडक्यात, कोणी सतत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवावी, तसं. थंड झाली की गाडी पुन्हा शहाणी.

हे पकडायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पेडल हाताने दाबून बघ, सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल आहे का. किती हवी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पायाखालची मॅट पेडलमागे सरकून अडकत नाही ना, तेही बघ. केबलचा क्लच असेल तर प्लेट झिजत जाते तशी केबलमधली मोकळीक संपत येते, आणि नुसतं ॲडजस्ट केल्याने गाडी सुधारते. हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा असेल, तर गाडी गरम होऊन क्लच सुटत असतानाच सपाट जागी थांबून, डोळ्यांना चष्मा लावून, स्लेव्ह सिलिंडरचा (फ्लुइडच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या भागाचा) ब्लीडर स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, किंचित सैल करायचा. पेडलला पाय न लावता फ्लुइड जोराने उडालं आणि त्यानंतर क्लच घट्ट पकडायला लागला, तर प्लेट निर्दोष आहे, दाब कोंडला होता. नंतर स्क्रू आवळून हवा काढून घ्यायची. हे तू एकटीने करू नकोस, जाणत्या मेकॅनिकला सोबत घे. फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धू.

टाकीतल्या फ्लुइडबद्दलही एक लक्षात ठेव. ब्रेकचे पॅड झिजतात तशी त्यांच्या टाकीतली पातळी उतरते. क्लचचं तसं नाही. क्लचचं फ्लुइड कमी झालं म्हणजे कुठेतरी गळती आहे. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या बंद कवचाच्या) आत बसणारा असेल, तर ते गळलेलं फ्लुइड प्लेटवरही जाऊ शकतं. म्हणून गाडीखाली शिरून, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथल्या खालच्या भागाला बोट पुसून बघ. काळपट इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, मागचं सील गळतंय. घट्ट, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं ऑइल. पातळ आणि पाणचट असेल तर हायड्रॉलिक फ्लुइड. यांपैकी काही सापडलं तर आधी ती गळती, मग प्लेट. उलट केलंस तर नवी प्लेटही तेल पिऊन बसेल.

पकडण्याची जागा वर आली की क्लच संपला, असंही तुला कोणी सांगेल. केबलच्या क्लचमध्ये त्यात तथ्य आहे. हायड्रॉलिक क्लच झीज स्वतःच भरून काढतो, तिथे पेडल अगदी शेवटपर्यंत जिथल्या तिथे राहू शकतं.

सगळं बाहेरून नीट निघालं तरच गिअरबॉक्स उतरवायचा. मग मात्र कंजुषी नको. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदल, क्रँकचं मागचं सील हाताशी आलेलंच असतं तर तेही. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर, निळे डाग किंवा चिरा आहेत का ते स्वतः बघ. ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर त्याचा खेळ मॅन्युअलप्रमाणे मोजून घे, साध्या फ्लायव्हीलसारखं ते खरडून चालत नाही. नवा क्लच बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर ट्रेलर लावायचा नाही, अस्तर बसायला वेळ लागतो.

निर्णय होईपर्यंत ट्रेलर जोडू नकोस. हे मी काळजीपोटी उगाच वाढवून सांगत नाही, हिशोबच बघ. ३०० न्यूटन-मीटर टॉर्क जात असताना क्लच ५०० फेऱ्यांनी सुटत असेल, तर बेल हाउसिंगमध्ये जवळजवळ पावणेसोळा किलोवॅट उष्णता तयार होते. दीड किलोवॅटचे दहा हीटर त्या बंद डब्यात पेटवावेत तसं. तापलं की पकड आणखी घटते, पकड घटली की आणखी तापतं. जो क्लच तपासून वाचला असता, तो एका चढात राख होतो. रस्त्यात पुन्हा असं झालंच, तर एक्सलरेटर सोड आणि खालच्या गिअरमध्ये ये. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आणि पाचव्याचं ०.८ असेल, तर चाकांवर तेवढीच ओढ आणायला तिसऱ्यात क्लचमधून जवळपास निम्माच टॉर्क जातो. सुरक्षित जागा मिळाली की थांब, न्यूट्रलमध्ये टाक, हँडब्रेक ओढ, क्लचवरून पाय काढून इंजिन चालू राहू दे. पेडल दाबून धरू नकोस.

आणखी एक विचारायचं राहिलं. ट्रेलर चढाकडे मागे घेताना तू हाफ क्लचवर किती वेळ असतेस? बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स फार सावकाश नसतो, म्हणून आपण नकळत क्लच घासत मागे जातो. तुझ्या गाडीला लो रेंज (सगळे गिअर आणखी सावकाश करणारी सोय) आहे. सरळ रेषेत मागे घ्यायचं असेल तेव्हा ती वापर. चढावर गाडी थोपवायला हँडब्रेक आहे, क्लच नाही. तुला दोष देत नाही, शिकवताना हे मीच सांगायला हवं होतं.

रविवारपर्यंत चौथ्या आणि पाचव्या गिअरचे आकडे, पेडलची मोकळीक आणि बेल हाउसिंगखाली पुसलेल्या बोटाचा फोटो एवढं पाठव. चढावरचा व्हिडिओ जमला तर तोही. ते बघून आपण फोनवर ठरवू, आणि गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर मी येतो. जुनी प्लेट मी बघेपर्यंत कोणाला फेकू देऊ नकोस.

तुझे,
बाबा