दार उघडलं नाही, ते सांगितल्याबद्दल

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार.

झाशीच्या राणीच्या शेवटच्या लढाईवरची माझी कादंबरी परवा छपाईला गेली. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. नाव यातही नाही. पण ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या एका देवडीचं माझ्यावर केवढं ऋण आहे, ते लोकांना कळू दे.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तोवर झाशीची राणी माझ्या लेखी पाठ्यपुस्तकातली होती. पाठीशी मूल, हातात तलवार आणि धड्याच्या शेवटी वीरमरण. इथल्या फूलबागेतली तिची समाधी पहिल्यांदा पाहिली ती जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात, आणि त्याच भरात चाळीस पानं लिहून काढली. वारा गार, नाल्याला पाणी, वर पौर्णिमेचं चांदणं. ती पानं तुम्ही वाचलीत आणि समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलंत, ‘सूनबाई, जूनमध्ये चालून बघ.’

पाच महिने थांबले. मग दुपारी दोन वाजता, घरचे नको म्हणत असताना, डोक्याला ओला पंचा गुंडाळून तुम्ही पुढे आणि मी मागे, असे आपण समाधीपासून स्वर्णरेखा नाल्याच्या कडेकडेनं निघालो. लू अशी की डोळे उघडे ठेवता येईनात. नाल्याच्या कठड्याला टेकायला गेले आणि तळहात भाजला. इंग्रजांच्या कागदांत त्या लढाईत उन्हाच्या झटक्यानं पडलेल्या शिपायांचे उल्लेख आहेत. ते मी वाचले होते, पण त्या दुपारी ते पहिल्यांदा कळले. राणीचा घोडा नाल्यावर अडला असं सगळं गाव सांगतं. नाला आता काँक्रीटनं बांधून काढलेला. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेले तुम्ही काठावर उभं राहून म्हणालात, ‘जूनमध्ये इथे पाणी कुठलं? अडला असेल तर काठाला अडला असेल.’ माझं वाहतं पाणी तिथेच आटलं.

पौर्णिमाही गेली. राणी पडली ती इंग्रजांची तारीख १७ जून १८५८, आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला. तुम्ही मात्र तारखेत पडलाच नाहीत. ‘तिथी बघ. ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. त्यानंतरचं जे काही लिहिशील ते काळोखात लिही.’ एवढ्या एका वाक्यानं माझ्या कादंबरीची अख्खी रात्र बदलली.

त्याच आठवड्यात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची तुमची जीर्ण प्रत हातात ठेवलीत. वरसईचा एक गरीब ब्राह्मण बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेकडे निघतो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो. पुन्हा पुन्हा लुटला जातो, आणि घरी परततो तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. दोन-तीनदा वाचलं. ज्याला लढायचंच नव्हतं अशा माणसाच्या नजरेनं सत्तावन्न पाहता येतं, हे मला तिथे उमगलं. तोवर माझ्या पानांत नुसते घोडेस्वार होते.

आणि मग तुम्ही मला देवडीचं दार दाखवलंत.

सागवानी, बुटकं, आतून आडवा अडसर. अडसर मागे सरकवायला भिंतीत खोल भोक, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. लाकूड मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं. तुम्ही खुर्चीवर बसून सांगितलंत, आवाज न चढवता. लढाईच्या रात्री याच दारावर थाप पडली. बाहेरचा माणूस मराठीत पाणी मागत होता. तुमच्या पणजोबांची आई या अडसराला हात लावून उभी राहिली, आणि दार उघडलं नाही.

घर शिंद्यांच्या चाकरीतलं. १ जूनला महाराजांची फौज बंडवाल्या पेशव्यांकडे गेली, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला. २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि महाराज परत गादीवर. वीस दिवसांत दोनदा राज्य फिरलं. कुणाला घरात घेतलं म्हणजे उद्या कोण विचारायला येईल, हे ग्वाल्हेरच्या या लष्कर भागातल्या कुठल्या घराला ठाऊक होतं? बंडवाल्यांना खजिना दिला म्हणून शिंद्यांचे खजिनदार अमरचंद बांठियांना त्याच महिन्यात सराफ्यात कडुलिंबाला फाशी दिलं. तो सराफा तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी त्या बाईला दोष देऊ शकत नाही, नाना. तुम्हीही दिला नाहीत. पण लपवलंही नाहीत. लोक आपल्या पूर्वजांच्या तलवारी दाखवतात. तुम्ही मला न उघडलेलं दार दाखवलंत, आणि ‘लिही’ म्हणालात. एवढा विश्वास कुणी लेखकावर टाकावा, याचं ओझं मी वर्षभर वागवते आहे.

एक कबुली द्यायची आहे. दुसऱ्या खर्ड्यात मी ते दार उघडलं होतं. मला सहनच होईना. बाई अडसर काढते, तांब्या पुढे करते, असं रडत रडत लिहिलं. तुम्ही ते पान बराच वेळ हातात धरून बसलात, आणि मग म्हणालात, ‘उघडलं असतं, तर आमच्याकडे माठ कशाला ठेवला असता?’ दर ज्येष्ठ शुद्ध सप्तमीला तुमच्या देवडीबाहेर पाण्याचा माठ भरून ठेवतात, हे मी इतकी वर्षं येता-जाता पाहत होते. कशासाठी, हे कधी विचारलंच नव्हतं. गल्लीतल्या कुणीच विचारलं नसेल. रिक्षावाले पाणी पितात, शाळेतली पोरं पितात, ओंजळीनं तोंड धुतात आणि पुढे जातात.

ते पान मी फाडलं. कादंबरीत दार बंदच राहिलं आहे.

यंदाच्या सप्तमीला पहिली प्रत घेऊन येते. फूलबागेतून चालत येईन, दुपारीच. बाहेरच्या माठातलं पाणी पिऊन मगच कडी वाजवेन.

तुमची,
सूनबाई